छातीत आयसीडी बसवल्यानंतर: गाडी चालवणं आणि रोजचं जगणं, टप्प्याटप्प्याने

आयसीडी म्हणजे हृदयाची बिघडलेली लय ओळखून गरज पडल्यास शॉक देणारं, शरीरात बसवलेलं छोटं यंत्र. ते बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. 'कधीपासून चालवू?' जीव वाचल्याचा आनंद मनात अजून नीट उतरलाही नव्हता. गाडी गेली म्हणजे आपण दुसऱ्यांवर अवलंबून झालो, ही भीती त्याआधी येऊन उभी राहिली होती. पुढे डिव्हाइस क्लिनिकच्या, म्हणजे अशी यंत्रं तपासतात त्या दवाखान्याच्या, बाकावर बसून जितक्यांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच होता. म्हणून या लेखात गाडीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकीच्या गोष्टी जिथे सोप्या आहेत तिथे थोडक्यात सांगितल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. तुमचं हृदय त्यांनी पाहिलं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या

आयसीडी हृदयाची लय बिघडू देत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. हे यंत्र पहारा देतं. लय बिघडली की ती ओळखतं आणि मग ताळ्यावर आणतं. बिघाड थांबवायचं काम औषधांचं, कधी अॅब्लेशनचं (म्हणजे बिघाड सुरू करणारा हृदयातला बारीकसा भाग निकामी करण्याचं), कधी मूळ आजाराच्या उपचाराचं.

या ओळखण्यात आणि ताळ्यावर आणण्यात वेळ जातो. ठोके अचानक फार वेगाने पडू लागले, की यंत्र आधी काही सेकंद नुसतं पाहतं, कारण तो वेग आपोआप उतरण्याची शक्यता असते. नाही उतरला तर बहुतेक यंत्रं आधी झटपट पेसिंग करून, म्हणजे विजेचे बारीक ठोके देऊन, लय मोडायचा प्रयत्न करतात. हे दुखत नाही, अनेकांना कळतही नाही. तेही जमलं नाही तर यंत्र आपल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वीज भरून घेतं आणि शॉक देतं. प्रोग्रॅमिंगनुसार या सगळ्याला दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर ६ ते ८ सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणजे यंत्राने आपलं काम अगदी चोख केलं, तरी मधले काही क्षण माणूस बेशुद्ध असू शकतो.

हे आता रस्त्यावर नेऊन पाहा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. पंधरा सेकंदांत २५० मीटर.

माझ्यासाठी सगळे नियम या एका हिशेबातून उलगडले. कोणतंही काम करताना मी स्वतःला विचारतो: आत्ता पंधरा सेकंद माझी शुद्ध गेली तर काय होईल? खुर्चीत बसलो असेन तर काहीच नाही. शिडीवर असेन तर पडेन. स्टिअरिंगमागे असेन, तर ज्याने माझं काही बिघडवलेलं नाही असा कुणीतरी मरेल.

पायरी १: रुग्णालय सोडण्यापूर्वी ही उत्तरं लिहून घ्या

डिस्चार्जच्या गडबडीत कागदांचा गठ्ठा हातात येतो आणि कामाचं तेवढंच निसटतं. वही काढा आणि विचारा.

यंत्र कशासाठी बसवलं? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. काहींना हृदयक्रिया एकदा बंद पडून गेलेली असते, किंवा वेगवान ठोक्यांमुळे ते बेशुद्ध होऊन पडलेले असतात. त्यांच्या बाबतीत धोका प्रत्यक्ष दिसलेला असतो. काहींना असं कधीच झालेलं नसतं. पण हृदयाची पंप करण्याची ताकद म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा त्याहून कमी असतं, किंवा घराण्यात एखादा आनुवंशिक आजार असतो, म्हणून खबरदारी म्हणून यंत्र बसवतात. गाडीपासून किती काळ लांब राहायचं, हे मुख्यतः यावर ठरतं.

यंत्र किती ठोक्यांवर जागं होतं? मिनिटाला १८०, २०० असा एखादा आकडा तुमच्या यंत्रात भरलेला असतो. व्यायामासाठी तो माहीत असायलाच हवा.

यंत्र कोणत्या प्रकारचं आहे? कॉलरबोनखाली बसवून शिरेतून हृदयापर्यंत वायर सोडलेलं, की डाव्या काखेखाली बसवलेलं आणि वायर छातीच्या हाडालगत कातडीखाली असलेलं? दुसऱ्या प्रकारात खांद्याची पथ्यं वेगळी असतात. यंत्र आणि वायरी दोन्ही एमआरआयला चालतात का, हेही इथेच विचारून टाका.

यंत्र इशारा कसा देतं? काही बीप वाजवतात, काही छातीत थरथरतात, काही फक्त घरच्या मॉनिटरमार्फत क्लिनिकला कळवतात. टेक्निशियनला तो आवाज एकदा वाजवून दाखवायला सांगा. घरातल्या माणसालाही ऐकवा. मी हे केलं नव्हतं. मग पुढे एका रात्री कुठल्याशा घड्याळाच्या बीपने आम्ही दोघं उठून बसलो होतो.

शेवटचं म्हणजे, शॉक बसला तर दिवसा कुणाला फोन करायचा आणि रात्री कुठे जायचं? हे आणि यंत्राचं ओळखपत्र पाकिटात ठेवा. ओळखपत्राचा फोटो फोनमध्ये हवाच, पण कार्डही हवं, कारण बेशुद्ध माणसाचा फोन कुणाला उघडता येत नाही.

पायरी २: पहिले सहा आठवडे, जखम आणि खांदा

जखम कोरडी ठेवायची, साधारण आठवडा-दहा दिवस, डॉक्टर सांगतील तितकी. नुसतं दुखणं, थोडी सूज, काळंनिळं पडणं हे ओसरत जातं. पण लाली वाढत चालली, जागा गरम लागू लागली, पू किंवा पाणी येऊ लागलं, ताप आला, टाक्याची जागा उसवली, तर त्याच दिवशी क्लिनिक गाठा. कातडीखालच्या ज्या खिशात यंत्र बसवतात तिथला जंतुसंसर्ग ही गंभीर गोष्ट आहे. तिथलं पाणी कुणालाही सुईने काढू देऊ नका, घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करून वाटही पाहू नका.

शिरेतून वायर घातली असेल तर तिचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत रुजायला काही आठवडे लागतात. म्हणून त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, जड काही उचलू नका, झटक्याने ओढाओढ करू नका. ही मुदत बहुतेक ठिकाणी चार ते सहा आठवडे सांगतात. इथे लोक उलटी चूक जास्त करतात. वायर निसटेल या धास्तीने हात छातीशी धरून बसतात आणि दोन महिन्यांनी खांदा आखडतो. खांद्याच्या खाली हात मोकळा हलवा. जेवा, दात घासा, केस विंचरताना मान खाली घ्या, दिवसातून चार-पाच वेळा खांदा हळूहळू गोल फिरवा. झोपेत हात चुकून वर गेला म्हणून काही लगेच वायर सुटत नाही.

आणखी एक गोष्ट. कातडीखाली हाताला लागणारं ते यंत्र सारखं चाचपू नका, फिरवू नका. सवयीने फिरवत राहिलेल्या रुग्णांत वायरी पीळ बसून जागेवरून ओढल्या गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

पायरी ३: गाडी

पहिलं काम, आपल्या देशाच्या परवाना खात्याचा नियम शोधा. काही देशांत यंत्र बसवल्याचं त्या खात्याला कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. काही ठिकाणी सगळा भार डॉक्टरांच्या सल्ल्यावर असतो. सल्ला लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. लपवलेली गोष्ट अपघातानंतर बाहेर येतेच, आणि तेव्हा दावा नाकारायला ती पुरेशी ठरते.

मुदती किती असतात याचा अंदाज यावा म्हणून ब्रिटनचे नियम पाहू, कारण ते अगदी तपशिलात लिहिलेले आहेत. बेशुद्ध पाडणाऱ्या लयबिघाडानंतर यंत्र बसवलं असेल, तर खासगी गाडी ६ महिने बंद. निव्वळ खबरदारी म्हणून बसवलं असेल तर १ महिना. फक्त बॅटरीचा डबा बदलला तर १ आठवडा, वायर बदलली किंवा हलवली तर १ महिना. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांचं २००७ चं मार्गदर्शन खबरदारीच्या यंत्रासाठी निदान १ आठवडा सांगतं, म्हणजे जखम भरेपर्यंत. आकडे देशोदेशी बदलतात, पण रचना तीच आहे. ज्याच्या बाबतीत धोका खरोखर घडून गेला आहे त्याने जास्त थांबायचं.

सहाच महिने का? धोका घडून गेल्यावर तो परत यायची शक्यता सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. तो काळ स्टिअरिंगपासून लांब काढायचा, एवढाच त्यामागचा विचार.

शॉक बसला की मोजणी पुन्हा सुरू होते. ब्रिटनमध्ये शॉकच्या वेळी शुद्ध गेली किंवा माणूस असहाय झाला, तर २ वर्षं गाडी बंद. पण तो शॉक खऱ्या लयबिघाडासाठी असेल आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून औषध किंवा अॅब्लेशनसारखा उपाय केला असेल, तर ६ महिने. यंत्राची गफलत होऊन शॉक बसला असेल, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या, लगेच जिवावर न बेतणाऱ्या वेगाला किंवा तुटक्या वायरच्या खोट्या संदेशाला ते फसलं असेल, तर ते कारण दूर झाल्यावर १ महिना.

माझ्या सहा महिन्यांची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. संध्याकाळी खुर्चीत बसलो होतो, पत्नी शेजारी होती, माझ्या हातावर तिचा हात होता. मला एवढंच आठवतं की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग छातीत आतून कुणीतरी जोरात धक्का दिला. ती सांगते की माझी मान कलली, डोळे उघडेच होते, आणि मग सगळं अंग उडालं. तिच्या हाताला मुंग्या आल्या, बस. कॅलेंडरवरच्या खुणा मी त्या रात्री पुसून टाकल्या. खूप राग आला होता, पण त्या संध्याकाळी मी त्या खुर्चीत नसून रस्त्यावर असतो तर, हा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून सांगतो, 'आता बरं वाटतंय' म्हणून मुदत स्वतःच्या मनाने कमी करू नका. मला त्या दिवशी दुपारपर्यंत अगदी छान वाटत होतं.

*ट्रक, बस, टॅक्सी*

ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांच्यासाठी हा भाग कठीण आहे, आणि तो गोड करून सांगता येत नाही. ब्रिटनसह अनेक देशांत आयसीडी असलेल्या माणसाला जड वाहनाचा किंवा प्रवासी बसचा परवाना मिळत नाही, यंत्र नुसतं खबरदारीचं असलं तरी. यामागचं गणित कॅनडाच्या हृदयरोग संघटनेने १९९२ मध्ये मांडलं. दुसऱ्यांना होणारा धोका चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: दिवसाचा किती भाग माणूस गाडी चालवतो, गाडी किती घातक आहे, वर्षभरात त्याची शुद्ध जाण्याची शक्यता किती, आणि तसं झालं तर अपघातात कुणी जखमी किंवा मृत होण्याची शक्यता किती. वर्षाला २०,००० चालकांमागे १ इतका धोका समाजाने सहन करायचा असं त्यांनी धरलं. खासगी चालक ४ टक्के वेळ गाडीत असतो, ट्रकचालक २५ टक्के. ट्रकची घातकता १ धरली तर मोटारीची ०.२८. हे आकडे घालून पाहिलं, की वर्षाला शुद्ध जाण्याची २२ टक्के शक्यता असलेला खासगी चालक आणि अवघी १ टक्का शक्यता असलेला ट्रकचालक एकाच रेषेवर येतात. माणूस तोच, हृदय तेच, पण वाहन आणि तास बदलले की धोका बावीस पट होतो. हे गणित कळल्यावर निदान आपल्यावर अन्याय झाला असं वाटत नाही. नोकरीचा प्रश्न मात्र उरतोच. त्याबद्दल मालकाशी लवकर बोला, रजा संपायची वाट पाहू नका. डेपो, नियोजन, प्रशिक्षण अशी कामं मागता येतात, आणि त्यासाठी डॉक्टरांचं पत्र उपयोगी पडतं.

*दुचाकी*

दुचाकीवर पंधरा सेकंदांचा हिशेब आणखी कडक होतो, कारण तोल गेला की पहिला बळी स्वतः चालक. शिवाय खड्ड्यातला झटका थेट खांद्याला बसतो. परवान्याचे नियम अनेक ठिकाणी मोटारीसारखेच असले, तरी मी स्वतः दुचाकी सोडली. तुम्ही चालवणारच असाल तर निदान मागे लहान मुलाला बसवू नका.

*परवानगी मिळाल्यावर पहिला दिवस*

उभ्या गाडीत बसून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. मान वळवून मागे पाहा. खांद्यात कळ येत असेल तर अजून वेळ आहे. मग ओळखीचा, गर्दी नसलेला रस्ता, दिवसाउजेडी, शेजारी गाडी चालवता येणारा माणूस, आणि वीसेक मिनिटं. लांबचा प्रवास काही आठवड्यांनी. तेव्हा दर दीड-दोन तासांनी थांबा. झोप अपुरी झालेल्या दिवशी, औषधाचा डोस नुकताच बदलला असताना किंवा पोट बिघडलेलं असताना चावी दुसऱ्याकडे द्या.

सीटबेल्ट लावायचाच. यंत्रावर घासतो म्हणून तो काखेखालून घेणं जिवावर बेतणारं आहे. यंत्र बहुधा डावीकडे असतं. चालकाची जागा उजवीकडे असलेल्या गाडीत चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, त्यामुळे अडचण होते ती शेजारच्या सीटवर बसल्यावर. चालक डावीकडे बसत असेल तिथे उलट. पट्ट्याला मऊ कापडाची घडी किंवा बाजारात मिळणारं पॅड गुंडाळलं की काम भागतं.

चालवताना छातीत धडधड, डोक्यात हलकेपणा, दृष्टी आकसल्यासारखी वाटली, तर 'पुढच्या वळणापर्यंत जाऊ' असं म्हणू नका. इंडिकेटर, कडेला, हँडब्रेक, इंजिन बंद. मग फोन. हा क्रम मी गाडीत बसलो की मनात एकदा म्हणतो.

चालू इंजिनावर बॉनेट उघडून वाकू नका, छाती आणि इंजिन यांत निदान ३० सेंटीमीटर अंतर हवं. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची असेल तर ते काम दुसऱ्याला करू द्या. इलेक्ट्रिक गाडीबद्दल बरेच जण घाबरून विचारतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात पेसमेकर आणि आयसीडी असलेल्या १३० जणांनी अतिवेगवान चार्जरवर गाड्या चार्ज करून पाहिल्या. एकाही यंत्रात बिघाड आढळला नाही. तरी केबल जोडून झाल्यावर चार्जरला टेकून उभं राहू नका, केबल खांद्यावर घेऊ नका, बाजूला व्हा.

पायरी ४: शॉक बसला तर

हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा, कारण त्या क्षणी घरच्यांना काही सुचत नाही.

एक शॉक बसला, आणि नंतर अगदी ठीक वाटतंय: बसा, शांत व्हा, क्लिनिकला त्याच दिवशी कळवा. रात्र असेल आणि खरंच ठीक असाल, तर सकाळी फोन केला तरी चालतं. गाडी बंद.

एक शॉक बसला, पण छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर किंवा गोंधळल्यासारखं वाटतंय: ताबडतोब अँब्युलन्स.

२४ तासांत दोन किंवा जास्त शॉक: कितीही ठीक वाटलं तरी अँब्युलन्स. तीन किंवा जास्त वेळा लय बिघडली तर त्याला विद्युत वादळ म्हणतात आणि त्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात.

माणूस बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर येत नाही, श्वास नाही: यंत्र बघून घेईल म्हणून वाट पाहू नका. छातीदाब सुरू करा. सार्वजनिक जागेतलं एईडी, म्हणजे छातीवर पॅड लावून बाहेरून शॉक देणारं यंत्र, मिळालं तर खुशाल वापरा, फक्त त्याचा पॅड यंत्राच्या उंचवट्यावर न लावता थोडा बाजूला लावा. रुग्णाला हात लावला असताना यंत्राने शॉक दिला, तर जास्तीत जास्त मुंग्या येतात. लावणाऱ्याला इजा होत नाही.

काहींना झोपेत शॉक बसल्यासारखा वाटतो आणि तपासणीत यंत्राने काहीच दिलेलं नसतं. हा भास असतो, पण तो ढोंग नसतो. ज्यांना खरा शॉक बसून गेला आहे त्यांना तो जास्त होतो. क्लिनिकला सांगा. यंत्राची नोंद वाचून ते खात्रीने सांगू शकतात, आणि त्या खात्रीचाच फार उपयोग होतो.

पायरी ५: चुंबक, फोन आणि घरातली वीज

लोक घाबरतात त्या मानाने हा भाग सोपा आहे. एक नियम ध्यानात ठेवा. जोरदार चुंबक यंत्राजवळ आलं, तर बहुतेक आयसीडी तेवढा वेळ लयबिघाडाकडे दुर्लक्ष करतात आणि शॉक देत नाहीत. चुंबक दूर गेलं की पूर्ववत. म्हणजे चुंबकामुळे शॉक बसत नाही. धोका असा, की गरज असताना तो मिळत नाही.

फोन यंत्रापासून १५ सेंटीमीटर लांब, म्हणून शर्टाच्या वरच्या खिशात नाही आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला. अनेक नव्या फोनच्या पाठीत चुंबक असतात. असा फोन वायरलेस चार्ज होत असताना ३० सेंटीमीटर लांब. हेडफोन गळ्यात लोंबकळू देऊ नका, इअरफोनची डबी आणि चुंबकी बटणांचं पाकीट छातीच्या खिशात ठेवू नका. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटीमीटर. मायक्रोवेव्ह, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, संगणक यांची काळजी नको, ते नीट चालू स्थितीत असले म्हणजे झालं. शरीरातली चरबी मोजणाऱ्या, पायांतून बारीक वीज सोडणाऱ्या वजनकाट्यावर मात्र उभं राहू नका. वेल्डिंगचं काम असेल तर आधी क्लिनिकशी बोला. मशीनची क्षमता, अर्थिंग, केबल किती लांब, हे सगळं ते विचारतील.

दुकानाच्या दारातल्या चोरी-रोधक कमानीतून नेहमीच्या चालीने निघून जा, तिथे रेंगाळू नका. विमानतळावर कार्ड दाखवा. कमानीतून चालत गेलात तरी चालतं, पण हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका, हाताने झडती घ्यायला सांगा.

पायरी ६: दुसऱ्या दवाखान्यात

प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्याला, फिजिओथेरपिस्टला पहिल्याच वाक्यात सांगा. एमआरआय आज अनेकांचा होऊ शकतो, पण त्या वेळी यंत्राचं प्रोग्रॅमिंग बदलावं लागतं, म्हणून डिव्हाइस क्लिनिकला आधी कळायला हवं. शस्त्रक्रियेत विजेच्या चाकूने कापणार असतील तर शॉकचं काम तात्पुरतं बंद करतात आणि नंतर आठवणीने सुरू करावं लागतं. ते सुरू झालं का, हे घरी निघण्यापूर्वी स्वतः विचारा. रेडिएशनचे उपचार आणि मूतखडा फोडण्याच्या लहरी यांचंही आधी कळवायचं. फिजिओथेरपीत डायाथर्मी, म्हणजे विजेच्या लहरींनी दिलेला शेक, नको, आणि वेदनाशामक विजेचे पॅड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

पायरी ७: अंग हलवणं

चालणं पहिल्या दिवसापासून. जोराचा व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीनंतर, आणि नाडी यंत्राच्या आकड्यापेक्षा निदान १० ते २० ठोके खाली ठेवून. यंत्र १८० वर जागं होत असेल तर १६० ला थांबा. नाहीतर तुमच्या धावण्यालाच लयबिघाड समजून ते शॉक देऊ शकतं. छातीवर दणका बसणारे खेळ टाळा. हात डोक्यावर नेऊन वजनं पुन्हापुन्हा उचलली तर कॉलरबोन आणि बरगडीच्या फटीत वायर चेंगरू शकते. एकट्याने पोहू नका. पाण्यात पंधरा सेकंद फार असतात. शिडी, गच्चीचा कठडा, विहिरीचा काठ यांनाही तोच हिशेब लावा.

शरीरसंबंधाबद्दल कुणी विचारत नाही आणि बरेच जण नुसत्या भीतीने महिनोन्महिने लांब राहतात. दोन जिने न थांबता चढता येत असतील, तर बहुतेकांना तो सुरक्षित असतो. त्या वेळी शॉक बसलाच, तरी जोडीदाराला इजा होत नाही.

पायरी ८: औषधं आणि पोट

यंत्र बसलं म्हणून गोळ्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत. असं केल्यानेच शॉक वाढतात. आणि एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते: जुलाब-उलट्यांत शरीरातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतं, आणि त्याने लय बिघडू शकते. दिवसभर पोट चालू असेल तर साधं दुखणं म्हणून अंगावर काढू नका. काही अँटिबायोटिक आणि अॅलर्जीची औषधंही लय बिघडवू शकतात, म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने काही घेऊ नका.

पायरी ९: मन

पहिल्या शॉकनंतर मी त्या खुर्चीत चार महिने बसलो नाही. यंत्राचा आणि खुर्चीचा काही संबंध नाही हे कळत होतं, तरी पाय वळत नव्हते. असं अनेकांचं होतं. कुणी जिना टाळतं, कुणी गर्दी, कुणी झोप. हळूहळू जग एका खोलीएवढं होतं. इथे मदत मागायला उशीर करू नका. समुपदेशनाने फरक पडतो, गरज पडली तर औषधानेही. तुमच्याइतकीच घाबरलेली व्यक्ती तुमच्या शेजारी झोपते. तिला कुणी विचारत नाही. तिला क्लिनिकला सोबत न्या, तिचे प्रश्न तिला विचारू द्या.

मला एका गोष्टीने धीर दिला. मिशेल मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरांचे गुरू १९६६ मध्ये अशाच लयबिघाडाने गेले. त्यांना कायम रुग्णालयात ठेवणं शक्य नव्हतं. मग शॉक देऊन लय ताळ्यावर आणणारा डिफिब्रिलेटरच इतका लहान का करू नये की तो माणसाबरोबर फिरेल, या विचाराच्या मागे मिरोव्स्की लागले. पुष्कळांनी ही कल्पना वेड्यात काढली. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसलं. तेव्हा छाती उघडावी लागे आणि यंत्र पोटात ठेवावं लागे. माणूस घराबाहेर पडू शकावा, एवढ्यासाठी हे यंत्र जन्माला आलं. मी त्या खुर्चीत परत बसलो त्या दिवशी हेच आठवत होतो.

पायरी १०: तपासण्या, बॅटरी आणि एक अवघड बोलणं

तपासणी साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यातली काही घरच्या मॉनिटरवरून. मॉनिटर पलंगाशेजारी ठेवा, कारण तो बहुधा रात्री यंत्राशी बोलतो. तो अॅम्ब्युलन्स बोलावत नाही, हे मात्र विसरू नका. बॅटरी बहुतेकांची पाच ते दहा वर्षं टिकते, शॉक आणि पेसिंग किती होतं त्यावर. ती अचानक संपत नाही, काही महिने आधी इशारा देते. बदलताना पूर्ण डबाच बदलतात, वायरी चांगल्या असतील तर त्याच ठेवतात.

अवघड बोलणं शेवटच्या दिवसांचं. दुसऱ्या एखाद्या आजाराने माणूस शेवटाला आला असेल, तर यंत्र त्याला शॉक देत राहू शकतं. त्याचा उपयोग काही नसतो, त्रास मात्र होतो. शॉकचं काम प्रोग्रॅमरने, म्हणजे बाहेरून यंत्राची सेटिंग बदलणाऱ्या संगणकाने, बंद करता येतं. कापाकापी नाही, दुखत नाही, पेसिंग चालू राहतं, आणि बंद केल्याने लगेच मृत्यू येत नाही. हा निर्णय शुद्धीत असताना, घरच्यांसमोर, डॉक्टरांशी बोलून ठरवलेला बरा. दहन करायचं असेल तर त्याआधी यंत्र काढावं लागतं, कारण उष्णतेने बॅटरी फुटते. हे घरातल्या एकाला तरी माहीत हवं. मी ते ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवलं आहे, आणि मुलीला कार्ड कुठे असतं ते दाखवलं आहे.